पुण्यात फ्लॅटमध्ये राहून शॉर्टवेव्ह ऐकायचं आहे: रेडिओ, अँटेना, वेळा यांबद्दल मार्गदर्शन हवं

वारजेकर_नवशिका

नमस्कार मंडळी. शॉर्टवेव्ह ऐकायला सुरुवात करायची आहे, पण नेमकं कुठून करायची ते कळत नाहीये. परिस्थिती अशी: सात मजली इमारत, चौथा मजला. पश्चिमेला गॅलरी, तिला लोखंडी ग्रिल. गच्ची सोसायटीची असली तरी संध्याकाळी उघडी असते. हातात सध्या काटेवाला जुना रेडिओ आहे. मीडियम वेव्हला आकाशवाणी बरी लागते, शॉर्टवेव्हला मात्र काटा कुठेही नेला तरी एकसारखी घरघर आणि अधूनमधून चिनी भाषा. आणखी एक गंमत म्हणजे एकच स्टेशन काट्याच्या दोन वेगवेगळ्या जागी लागतं.

नवीन रेडिओ कोणता घ्यावा? (आठ-दहा हजारांपर्यंत ठीक आहे.) वायर किती लांब टाकायची? घरघर रेडिओची की घराची, हे कसं ओळखायचं? आणि पुण्यातून खरंच काय ऐकू येतं, किती वाजता? मोबाइलवर सगळं मिळतं हे माहीत आहे, तो सल्ला कृपया नको. 🙂

---

लहरी_माणूस

स्वागत. पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. आहे तोच रेडिओ नव्या सेलवर घेऊन संध्याकाळी ७ च्या सुमारास गच्चीवर जा. लिफ्टची खोली, पाण्याच्या पंपाचं पॅनेल आणि सोलरचा इन्व्हर्टर यांपासून लांबचा कोपरा धरा, एरियल पूर्ण काढा आणि ३१ मीटर (९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ) व २५ मीटर (११६०० ते १२१०० किलोहर्ट्झ) हे पट्टे सावकाश फिरवा. तिथे आठ-दहा स्टेशनं स्वच्छ लागली तर रेडिओ धडधाकट आहे, दोष घरातल्या विजेच्या उपकरणांचा आहे. गच्चीवरही शुकशुकाट असेल तरच रेडिओवर संशय घ्या.

एक स्टेशन दोन जागी लागण्याबद्दल. स्वस्त काटेवाल्या रेडिओत आलेली लहर बहुधा एकदाच ४५५ किलोहर्ट्झवर उतरवतात. अशा रेडिओत जोरदार स्टेशन आपल्या खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ (४५५ ची दुप्पट) खाली पुन्हा उमटतं. म्हणजे ९६०० वरचं स्टेशन ८६९० च्या आसपासही सापडेल. याला इमेज म्हणतात. खरी जागा वरची. खालची सोडून द्या, तिच्यावरून यादीत स्टेशन शोधायला गेलात तर कधीच जुळणार नाही.

नवीन रेडिओ घेताना तीन गोष्टी बघा: फ्रिक्वेन्सीचे आकडे दाखवणारा डिस्प्ले, १ किलोहर्ट्झच्या पायरीने ट्यूनिंग आणि एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे लहरीची वरची किंवा खालची एकच बाजू वापरणारं प्रसारण ऐकायची सोय). एसएसबी नसेल तर हॅम मंडळी (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे), विमानांचं हवामान, जहाजं हे सगळं हातचं जातं आणि ते बदकाच्या आवाजासारखं ऐकू येत राहतं. बाहेरच्या अँटेनाचं भोक असलं तर उत्तम. या हिशोबात टेकसनचा पीएल-३३० आणि एक्सएचडाटाचा डी-८०८ हे दोन बसतात. पीएल-३३० मध्ये मोबाइलची जुनी बीएल-५सी बॅटरी चालते, ती कोणत्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. डी-८०८ ला १८६५० सेल लागतो. दोन्हींत मोठा फरक समजू नका, ज्याचा भाव कस्टम ड्युटी धरून बजेटात बसेल तो घ्या. पीएल-३८० सुद्धा ऐकायला छान, पण त्याला एसएसबीही नाही आणि शॉर्टवेव्हच्या बाहेरच्या अँटेनाचं भोकही नाही.

ऑनलाइन दुकानांत 'वर्ल्ड रिसीव्हर, १२ बँड' असं छापलेले, यूएसबी पेनड्राइव्ह आणि टॉर्च जोडलेले रेडिओ दिसतील. टॉर्च चांगली असते.

---

खरखर_निवारण

घरघरीबद्दल लिहितो, कारण शहरात नव्वद टक्के लढाई तिथेच आहे. सिग्नल वाढवून काही होत नाही. सिग्नल आणि खरखर यांच्यातलं अंतर वाढायला हवं. खरखरीच्या घरात दहा मीटर वायर टाकलीत तर खरखरही दहा मीटरची येते.

शोधायची पद्धत: रेडिओ सेलवर चालू ठेवा, चार्जर अजिबात जोडू नका. ६ ते ७ मेगाहर्ट्झमध्ये जिथे स्टेशन नाही अशी जागा पकडा. आता घराचा मेन स्विच बंद करा. (फ्रिज आणि कुणाचं चालू काम बघून, शिवाय इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करायचा. तो मेन बंद झाला की उलट स्वतःच सुरू होतो आणि सगळ्यात जास्त आवाज तोच करतो.) खरखर एकदम पडली तर चोर घरातला. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्या एमसीबीला आवाज परत आला त्या लाइनवरची उपकरणं एकेक करून काढा.

नेहमीचे चोर असे. स्वस्त एलईडी बल्ब आणि पॅनेल लाइट. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर, यात फोन लावलेला नसतानाही ओरडणारे बरेच असतात. रिमोटवर चालणारा बीएलडीसी पंखा: वीज वाचवतो आणि ४१ मीटरचा पट्टा खातो. सेट-टॉप बॉक्स बंद असतानाही त्याचा अडॅप्टर चालू असतो. आणि फायबर इंटरनेटचा डबा: फायबर स्वतः निष्पाप आहे, पण डब्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर चोवीस तास चालू राहतो आणि घरातल्या सगळ्या वायरिंगमध्ये घाण सोडतो.

आवाजावरूनही अंदाज येतो. डायल फिरवताना दर ५०-७० किलोहर्ट्झला घुंर्र असा ढिगारा येत असेल आणि तो दहा मिनिटांत थोडा सरकत असेल, तर स्विचिंगचा अडॅप्टर. फक्त लिफ्ट हलताना येत असेल तर लिफ्टचा ड्राइव्ह. सूर्य वर आला की सुरू आणि मावळला की बंद, तर कुणाच्या तरी छतावरचा सोलर इन्व्हर्टर. पाऊस पडल्यावर किंवा दमट हवेत वाढणारी तडतड असेल तर रस्त्यावरच्या लाइनचा इन्सुलेटर, त्याची तक्रार वीज कंपनीकडे खांबाच्या नंबरसह करायची. खांबाला हात लावायचा नाही, ठोकून बघायचा तर नाहीच.

उपाय. राउटरच्या अडॅप्टरच्या जागी जुन्या पद्धतीचा, लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा जड अडॅप्टर वापरता येतो, पण इथे एक गोची आहे: '१२ व्होल्ट' लिहिलेला साधा ट्रान्सफॉर्मर अडॅप्टर कमी लोडवर १६ व्होल्टपर्यंत देतो आणि राउटर जळू शकतो. मध्ये ७८१२ रेग्युलेटर हवाच, हीटसिंकसकट. एवढी खटपट नको असेल तर ऐकायच्या तासाभरापुरता राउटर १२ व्होल्टच्या छोट्या सीलबंद बॅटरीवर चालवा.

दुसरा उपाय फेराइट, म्हणजे वायरमधली खरखर अडवणारा चुंबकीय पदार्थाचा भोकवाला तुकडा. वायरवर चिमट्यासारखं बसणारं फेराइट एकदा लावून फारसा फरक पडत नाही, कारण परिणाम वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: एक फेरी म्हणजे १, तर पाच वेढे म्हणजे २५. तेव्हा भोक मोठं असलेलं घ्या आणि अडॅप्टरची वायर पाच-सात वेळा त्यातून काढा, उपकरणाच्या अगदी जवळ. ३१ नंबरचं मटेरियल शॉर्टवेव्हसाठी योग्य. जुन्या मॉनिटरच्या केबलवरची गाठही चालते, नुसतं तिचं मटेरियल कुठलं ते कळत नाही.

शेजाऱ्यांच्या घरातला चोर पकडला तर नवा बल्ब स्वतःच्या खर्चाने घेऊन जा. वाद घालण्यापेक्षा स्वस्त पडतं.

---

मीटरबँड

वरचे दोन्ही प्रतिसाद नेमके. मी वेळ आणि पट्ट्यांबद्दल सांगतो, कारण चुकीच्या वेळी योग्य फ्रिक्वेन्सी लावली तरी शून्यच.

शॉर्टवेव्ह वरच्या आयनोस्फियरवरून (वातावरणातल्या विद्युतभारित थरांवरून) परतते. दिवसा खालचा डी थर कमी फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, म्हणून दुपारी ४९ आणि ४१ मीटर जवळजवळ मेलेले असतात आणि १९, १६, १३ मीटर चालतात. सूर्य मावळला की डी थर विरतो आणि खालचे पट्टे जागे होतात. रात्र चढत जाते तसे वरचे पट्टे बंद होतात. साधा नियम: दिवसा किलोहर्ट्झचे मोठे आकडे, रात्री लहान (मीटरचे आकडे याच्या उलट).

महाराष्ट्रातून नवशिक्यासाठी सोन्याची वेळ संध्याकाळी ६:३० ते ९:३०. दक्षिण आशियासाठीचे बहुतेक कार्यक्रम याच वेळात असतात. ३१ आणि २५ मीटरपासून सुरुवात करा, आठनंतर ४१ (७२०० ते ७४५०) आणि ४९ (५९०० ते ६२००) कडे उतरा. पहाटे ५:३० ते ८ ही दुसरी चांगली वेळ, त्या वेळी शेजाऱ्यांचे दिवेही कमी असतात. दुपारी १९ मीटर (१५१०० ते १५८३०) बघा.

वेळापत्रकं सगळी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. त्यात साडेपाच तास मिळवा: १४०० यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे ७:३०. वाराची गफलत टाळा: शनिवार २००० यूटीसी म्हणजे आपल्याकडे रविवारची पहाट, दीड वाजता. फक्त शनिवार-रविवार असणारे कार्यक्रम इथेच हुकतात. फ्रिक्वेन्सी वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे जुन्या ब्लॉगवरची यादी वापरू नका. चालू हंगामाची ईआयबीआय या संकेतस्थळावरची यादी फुकट उतरवता येते, आणि शॉर्ट-वेव्ह डॉट इन्फोवर फ्रिक्वेन्सी टाकली की या क्षणी तिथे कोण असायला हवं ते दिसतं. यादीत 'टार्गेट' आणि 'ट्रान्समीटर कुठे' हे दोन रकाने वेगळे असतात ते लक्षात घ्या. केंद्र एका देशाचं आणि मनोरा तिसऱ्याच देशात, हे इथे नेहमीचं आहे.

काय ऐकू येईल: सगळ्यात आधी चायना रेडिओ इंटरनॅशनल, हिंदीसह अनेक भाषांत, एवढ्या जोरात की टाळायचं म्हटलं तरी टळत नाही. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस इंग्रजी. (बीबीसीची शॉर्टवेव्हवरची हिंदी ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, ती शोधत बसू नका. रेडिओ ऑस्ट्रेलियाही ३१ जानेवारी २०१७ पासून नाही.) रोमानिया, तुर्कस्तान, दक्षिण कोरियाचं केबीएस, व्हॅटिकन, आखाती देशांची अरबी केंद्रं. ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ मराठी कार्यक्रमही देत आला आहे, चालू यादीत भाषेच्या रकान्यात मराठी शोधा. आकाशवाणीची शॉर्टवेव्ह केंद्रं गेल्या काही वर्षांत बरीच कमी झाली, तेव्हा लहानपणच्या आठवणीतल्या मीटरवर काही सापडलं नाही तर काटा बिघडलेला नाही.

जवळचं केंद्र दूरच्यापेक्षा वाईट लागतं, याचंही नवल वाटून घेऊ नका. पणजी किंवा बंगळूरहून निघालेली लहर वरच्या पट्ट्यात तिरकी जाऊन हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरते, मधला प्रदेश कोरडा राहतो.

पट्टा उघडा आहे की नाही हे तपासायला ५०००, १०००० आणि १५००० किलोहर्ट्झ मेमरीत टाकून ठेवा. तिथे वेळेचे ठोके देणारी केंद्रं आहेत. आपल्याकडे १०००० वर बहुधा चीनचं बीपीएम लागतं (शान्शी प्रांतातलं पुचंग). दर तासाला २९ व्या आणि ५९ व्या मिनिटाला ते मोर्समध्ये बीपीएम देतं आणि मागोमाग चिनी बाईच्या आवाजात नाव सांगतं. ठोके ऐकू आले तर पट्टा उघडा आहे. तिन्ही ठिकाणी शांतता, तर रेडिओ खाली ठेवा आणि चहा घ्या.

भर दुपारी सगळं एकदम मेलं तरी घाबरू नका. सूर्यावर मोठी ज्वाला उठली की सूर्याकडच्या बाजूचा शॉर्टवेव्ह काही मिनिटांपासून तास-दोन तास गायब होतो आणि आपोआप परत येतो. सौरचक्राचा चालू कळस २०२४ च्या सुमारास होता, त्यामुळे वरचे पट्टे सध्या चांगले चालतात आणि ज्वालाही जास्त.

---

वारजेकर_नवशिका

वाचनखूण साठवली. गच्चीवरचा प्रयोग केला. ३१ मीटरला अकरा स्टेशनं, त्यातली चार खणखणीत. घरात येताच परत घरघर. मेन बंद केल्यावर निम्म्याहून जास्त गेली. हॉलमधले दोन पॅनेल लाइट आणि राउटरचा अडॅप्टर सापडले. पीएल-३३० मागवतो आहे.

आता अँटेनाचं सांगा. आणि दोन शंका: ७ मेगाहर्ट्झच्या आसपास एका ठिकाणी सपाट, जोरदार 'श्श्श' आवाज येतो, तो डायलवर अगदी आखल्यासारखा सुरू होतो आणि आखल्यासारखा संपतो. दुसरीकडे 'टर्रर्र' असा आवाज बऱ्याच रुंदीत येऊन आपोआप दुसरीकडे उडी मारतो. हेही घरातलेच का?

---

लहरी_माणूस

दोन्ही घरातले नाहीत. आखलेला श्श्श सुमारे १० किलोहर्ट्झ रुंद असेल तर तो डीआरएम, म्हणजे डिजिटल प्रसारण. साध्या रेडिओवर तो असाच ऐकू येणार. उड्या मारणारी टर्रर्र म्हणजे ओव्हर-द-होरायझन रडार, क्षितिजापलीकडचं बघणारं. ती आशियात कायमची डोकेदुखी आहे, थांबा, निघून जाते. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन कार्यक्रम एकमेकांवर चढलेले असतील आणि त्यातला एक चिनी असेल, तर तो बऱ्याचदा मुद्दाम केलेला अडथळा असतो. त्यावर अँटेनाचा उपाय नाही, दुसरी फ्रिक्वेन्सी शोधा.

---

कौलारू_अँटेना

अँटेनाचं मी सांगतो. सुरुवातीला घाई नको, पीएल-३३० ची स्वतःची दांडी गच्चीवर पुरेशी आहे. गॅलरीत मात्र लोखंडी ग्रिल आणि आरसीसीतल्या सळया सिग्नल अडवतात, तेव्हा ग्रिलच्या बाहेर काहीतरी काढावंच लागतं.

पहिली पायरी: ७ ते ८ मीटर प्लास्टिक कोटेड मल्टिस्ट्रँड वायर, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची. तपकीर गल्लीत कुठेही मिळेल. तांबं उघडं असायची गरज नाही, रंगही कुठलाही. जुन्या मच्छरदाणीची काठी किंवा फायबरची दांडी ग्रिलच्या बाहेर दीड मीटर काढून तिच्यावरून वायर घ्या. ग्रिलला चिकटवून बांधली तर ग्रिलच अँटेना होतो आणि इमारतीची सगळी घाण गोळा करतो. निदान हातभर अंतर हवं. टोकाला नायलॉन दोरी, तीच इन्सुलेटरचं काम करते. खाली सोडायची असेल तर खालच्या मजल्यावाल्यांना आधी विचारा आणि टोकाला जड वजन बांधू नका. वायर सुटून पडली तर विजेच्या तारांवर जाईल अशी जागा असेल तर ही कल्पनाच सोडून द्या.

ती वायर नुसती दांडीला चिमट्याने लावली तर घरातली शेवटची दोन मीटर वायरच खरखर उचलते. म्हणून फीडर (अँटेनापासून रेडिओपर्यंतची केबल) वेगळा हवा, आणि त्यासाठी छोटा ट्रान्सफॉर्मर. बीएन-७३-२०२ नावाचा दोन भोकांचा फेराइट घ्या, सुपारीपेक्षा लहानच असतो. इनॅमल वायर ०.३ मिलिमीटरच्या आसपासची. वायर एका भोकातून वर आणि दुसऱ्यातून खाली आली की एक वेढा. अँटेनाच्या बाजूला ६ वेढे, केबलच्या बाजूला २ वेढे. ६ ला २ म्हणजे तीनपट, इम्पिडन्सला (लहरीला होणाऱ्या, ओहममध्ये मोजायच्या अडथळ्याला) नऊपट, म्हणजे ४५० ओहमच्या आसपासची वायर ५० च्या केबलला जुळते. वेढे टाकताना भोकाच्या धारेवर इनॅमल खरवडलं जातं आणि आत शॉर्ट होतो. धार आधी बारीक पॉलिश पेपरने मारून घ्या, आणि झाल्यावर मल्टिमीटरने ६ आणि २ यांच्यात काहीच जोड नाही हे तपासा. टोकांवरचं इनॅमल पूर्ण निघालं नाही तर सोल्डर वरवर बसतं आणि अँटेना 'कधी चालते, कधी नाही' असं होतं.

जोडणी: ६ वेढ्यांचं एक टोक अँटेना वायरला, दुसरं ५ मीटरच्या एका वेगळ्या वायरला. ही दुसरी वायर गॅलरीच्या कडेने उलट दिशेला टाका, फ्लॅटमध्ये तीच तुमची जमीन. २ वेढे केबलला. केबल डिश टीव्हीची आरजी-६ चालते, ७५ ओहम असली तरी ऐकण्यात फरक कळत नाही. रेडिओच्या टोकाला ३.५ मिलिमीटरची मोनो पिन, टोकाला मधली तार, बुडाला जाळी. पिनच्या आत जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला की सगळं बहिरं, सोल्डर करून झाल्यावर हेच पहिलं तपासा.

एक ताकीद: सॉकेटच्या तिसऱ्या पिनला 'अर्थ' म्हणून जोडू नका. घरातल्या प्रत्येक चार्जरची घाण तिथेच सोडलेली असते. बंगला असेल तर बागेत १ मीटरचा तांब्याचा रॉड वेगळा ठोका.

वायर १५-२० मीटर टाकली म्हणून दुप्पट ऐकू येत नाही. छोटे रेडिओ जास्त सिग्नलने गुदमरतात: सगळ्या डायलवर तीच दोन-तीन स्टेशनं किंवा मीडियम वेव्हची आकाशवाणी ऐकू यायला लागली तर समजा ओव्हरलोड झालं. वायर छोटी करा किंवा मधल्या तारेत १ किलोओहमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) घालून सिग्नल कमी करा.

आणि वीज. वळवाच्या ढगांत दूरवर कडकडाट झाला तरी वायरवर एवढा स्टॅटिक चढतो की रेडिओतला अँटेनालगतचा आयसी (चिप) जातो. मेपासून ऑक्टोबरच्या परतीच्या पावसापर्यंत ऐकून झालं की केबल काढून गॅलरीच्या बाहेरच ठेवायची, घरात लोंबकळत ठेवायची नाही. शिवाय त्या महिन्यांत ४९ आणि ६० मीटरला विजांची कडकड एवढी असते की वरचेच पट्टे बरे. खालचे पट्टे ऐकायचे तर डिसेंबर-जानेवारी.

---

खरखर_निवारण

वायरबद्दल थोडा मतभेद. चौथ्या मजल्यावर, चारही बाजूंना फ्लॅट असताना ०.६ ते ०.८ मीटर व्यासाचा लूप, म्हणजे गोल कड्यासारखी अँटेना, बरा. त्याला वेगळी जमीन लागत नाही आणि फिरवता येतो. ज्या बाजूला लूपचं सपाट तोंड असतं तिकडचं तो कमी ऐकतो, म्हणजे खरखर येते तिकडे तोंड करा. एमएलए-३०+ सारखा तयार मिळतो, पण त्याला पाच व्होल्ट मोबाइल चार्जरने दिलेत तर सगळी मेहनत पाण्यात. पॉवर बँक वापरा, तीही गप्प आहे का ते आधी रेडिओ जवळ नेऊन बघा, काही पॉवर बँका चार्जरपेक्षा वाईट असतात.

---

कौलारू_अँटेना

मान्य, खरखर एकाच दिशेने येत असेल तर लूप जिंकतो. चारही बाजूंनी येत असेल तर दोन्ही सारखेच, आणि वायर-ट्रान्सफॉर्मरचा खर्च लूपच्या पासंगालाही पुरत नाही. आधी वायर, मग लूप.

---

शनिवारवाडा_एसडीआर

रेडिओऐवजी आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीत लावायचा, सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) आणि लॅपटॉप असं का नाही कुणी सुचवलं? अख्खा पट्टा एका नजरेत दिसतो, चोर शोधायला तर अप्रतिम. व्ही-४ घ्या. व्ही-३ शॉर्टवेव्हला थेट सॅम्पलिंग करतो, त्यामुळे १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचं आणि खालचं आरशासारखं एकमेकांत मिसळतं. मीडियम वेव्हचा मनोरा जवळ असेल तर मीडियम वेव्ह अडवणारा फिल्टर आधी लावा.

---

मीटरबँड

एसडीआर उत्तम, पण दुसरा रेडिओ म्हणून. लॅपटॉपचा अडॅप्टर आणि यूएसबी केबल हेच खरखरीचे कारखाने आहेत, आणि नवशिक्याला धबधब्यासारख्या चित्रात काय बघायचं हेच कळत नाही. आधी कान तयार होऊ द्या. तोवर तुलना करायला नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा एसडीआर) फुकट आहे.

नवशिका, पीएल-३३० आला की एसएसबीचा सराव असा करा. विमानांसाठी हवामान सांगणारं मुंबईचं व्होल्मेट ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झवर, अपर साइडबँडमध्ये, दर तासाला २५ व्या आणि ५५ व्या मिनिटाला येतं. यूटीसीशी फरक साडेपाच तासांचा आणि पाळी दर अर्ध्या तासाची असल्याने आपल्या घड्याळातही मिनिटं तीच राहतात. ६६७६ वरच सिंगापूर २० आणि ५० ला, कराची १५ आणि ४५ ला, बँकॉक १० आणि ४० ला. पाच-पाच मिनिटांची पाळी असते, त्यामुळे रात्री अर्धा तास बसलात की कुठली दिशा उघडी आहे ते आपोआप कळतं. दिवसा ११३८७ आणि रात्री ६६७६ बघा.

हॅम मंडळी सकाळी ७ ते ९ मध्ये ४० मीटरवर (७००० ते ७२०० किलोहर्ट्झ) सापडतील, मराठी बोलणारेही. तिथे लोअर साइडबँड लावायचा. १० मेगाहर्ट्झच्या खाली हॅम लोअर, वर अपर. विमानं मात्र सगळीकडे अपर. आवाज किनरा आला तर १ किलोहर्ट्झच्या पायरीत नाही, बारीक पायरीत हलवा. ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला लागतो.

एसएसबीचा आणखी एक उपयोग कुणी सांगत नाही. स्टेशन लागलं आहे, पण आवाज मधूनच फाटतो, पाण्याखालून आल्यासारखा होतो. तो सिग्नल कमी झाल्यामुळे नाही, वाहक लहर (आवाज जिच्यावर स्वार होऊन येतो ती मूळ लहर) आवाजाच्या आधी विरते म्हणून. अशा वेळी एसएसबी चालू करा, शीळ ऐकू येईल. बारीक पायरीने शीळ खाली खाली आणत शून्यावर आणा, आवाज स्थिर होतो. शेजारचं जोरदार स्टेशन वरच्या बाजूला असेल तर लोअर, खाली असेल तर अपर निवडा, त्याचा त्रासही जातो.

---

वारजेकर_नवशिका

भारीच. शेवटचा प्रश्न: क्यूएसएल कार्ड (ऐकल्याची पावती म्हणून स्टेशन पाठवतं ते) मिळवायला पत्र कसं लिहायचं?

---

मीटरबँड

'तुमचं स्टेशन छान लागलं' एवढ्यावर कार्ड येत नाही, यायलाही नको. निदान २० मिनिटं ऐका आणि वेळेसकट काय चाललं होतं ते लिहा: १४०३ ला बातम्या, त्यात अमुक विषय, १४११ ला बाईच्या आवाजात गाणं, १४१८ ला पत्ता सांगितला. तारीख आणि वेळ यूटीसीत, फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये, रेडिओ, अँटेना, गाव. मग सिनपो: सिग्नल, इतर स्टेशनचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला १ ते ५, पाच म्हणजे उत्तम. त्रास नसेल तर तिथे ५ द्यायचा, १ नव्हे, इथे हमखास उलट होतं. सगळीकडे ५५५५५ लिहून खूश करू नका. त्यांच्या अभियंत्यांना ४३३३३ जास्त कामाचं असतं, कारण त्यावरूनच पुढच्या हंगामाची फ्रिक्वेन्सी ठरवायला मदत होते. ईमेल चालतो, आवाजाची मिनिटभराची क्लिप जोडा. घरचा पत्ता इंग्रजीत, पिनकोडसह. कार्ड यायला दोन-तीन महिने लागले तर लगेच दुसरं पत्र पाठवू नका.